मुंबई मॅरेथॉनला चौघं मित्र चाललोय, सल्ला पाहिजे

जानेवारीत कोल्हापुरातनं चौघं जातोय, दोघं फुल (४२ किमी), दोघं हाफ (२१ किमी). मुंबईत कुणीच पळालेलं नाही. कधी निघायचं, राहायचं कुठं?

रंकाळा_रनर: शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरा भावांनो, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरता, बॅगा टाकून आधी एक्स्पोत (रेसआधीचं प्रदर्शन) जाऊन बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्या कारण रविवारी रेसच्या जागेवर बिब मिळत नाही, आणि तिथं उगंच तासन्‌तास हिंडू नका, पाय जातात. फुल सीएसएमटीवरनं सुटते, हाफ माहीमवरनं, पण संपतात दोन्ही सीएसएमटीकडंच, म्हणून रूम तिकडंच बघा, हाफवाल्यांनी माहीमला जायला पहाटेची गाडी आधीच ठरवा.

घाटवाट: पेडर रोडचा चढ फुलवाल्यांना शेवटच्या १० किमीत लागतो, तेव्हा जोतिबाच्या चढावर सराव कराच. आणि दमटपणा! आपल्याकडच्या जानेवारीच्या थंडीत जमणारा पेस (पळायचा वेग) तिथं धरू नका, पाणी पहिल्यापासनं घोट घोट घ्या.

पन्हाळा७९: शनिवारी रात्री साधा वरणभात, बाहेरचं तिखट अजिबात नको. आणि चौघांनी एकत्र पळायचा हट्ट नको, ज्याचा त्याचा पेस. संपल्यावर भेटायची जागा आधी ठरवा, गर्दीत फोन लागत नाही. मस्त पळा रे!