आधी डिपस्टिक नीट बघा, मग ऑइल काढा

सेकंड हँड स्प्लेंडर बाइकचं इंजिन ऑइल डिपस्टिकवरच्या (ऑइलची पातळी मोजायच्या काडीवरच्या) वरच्या खुणेच्या वर दिसतंय, काय करू, असं एकाने विचारलंय, आणि ड्रेन बोल्ट (इंजिनच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट) सैल करून थोडं सोडा असा सल्ला त्याला मिळालाय. त्याआधी माप बरोबर घेतलंय का ते बघा. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. तीनेक मिनिटं इंजिन चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून भोकात नुसती टेकवा, आटे फिरवू नका. फिरवून घट्ट केली की ती जास्त खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं.

तरीही जास्त असेल तर मोठी सिरिंज आणि बारीक नळी घेऊन डिपस्टिकच्याच भोकातून ओढा. गरम ऑइलमध्ये बोल्ट सैल केला तर हात भाजतो, आणि अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की खर्च वाढतो. थोडं थोडं काढत पुन्हा माप घ्या.

काढलेल्या ऑइलचा वास मात्र नक्की घ्या. पेट्रोलचा वास आला तर बहुधा कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय. मग टाकीखालचा पेट्रोलचा कॉक चालू राहिला की पेट्रोल इंजिनात उतरतं. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. दोन्ही वेळी सगळंच ऑइल बदला, आणि तोवर गाडी चालवू नका.

एअर फिल्टरही उघडा. जादा ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तिथेच येतं.