मदत हवी आहे : घरचं शाळूचं (रब्बी ज्वारीचं) बियाणं उगवेना, पेरा तोंडावर आलाय

कडबापेंडी
नमस्कार मंडळी. घरचं बियाणं उगवत नाहीये. १०० दाणे पेपरात ओले करून ठेवले होते, ३१ च कोंब आले. घट बसायच्या आत पेरायचंय, रान तयार आहे, वापसा (पेरण्याजोगी ओल) पण आहे. आई म्हणतीय दुकानातलं बी घरात आणायचं नाही. काय करू? लवकर सांगा. उगाच ज्ञान नको.

माळरान_उत्तर
कसलं वाण, मालदांडी का दगडी का अजून काय? कधीचं, कशात ठेवलं होतं, कोरडवाहू का पाणी आहे? यातलं काहीच लिहिलं नाही आणि म्हणताय लवकर सांगा.

कडबापेंडी
शाळू म्हणजे मालदांडीच की. आज्जीपासून घरात चालत आलंय. कोरडवाहू, काळं रान, सोलापूरजवळ मंद्रूपकडं.

जीवामृतवाला
दादा चिंता सोडा. बीजामृत करा : देशी गायीचं शेण, गोमूत्र, चुना आणि बांधावरची मूठभर माती, पाण्यात एक रात्र भिजत ठेवा आणि त्यात बी घोळा. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींची पद्धत वापरतोय, माझ्याकडं तूर एक नंबर आहे.

सीनाकाठ
त्यांना तूर नकोय हो, ज्वारी उगवेना म्हणून विचारतायत. मेलेलं बी बीजामृतात घोळलं की वास मारणारं मेलेलं बी मिळतं, एवढंच.

जीवामृतवाला
तुम्ही करून बघितलंय का? न करता बोलणाऱ्यांमुळंच शेतकरी मागं राहिला.

सीनाकाठ
केलंय, तीन वर्षं. उगवणीवर काडीचा फरक नाही, जमिनीला थोडा फायदा होत असंल तर होत असंल. राहू द्या. @कडबापेंडी, बियाणं कशात ठेवलं होतं?

कडबापेंडी
गेल्या सालापर्यंत आई मडक्यात राखंत घालून ठेवायची. यंदा मीच प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं, घट्ट झाकण लावलं, पत्र्याच्या शेडात. उंदीर होते म्हणून. सोंडेकिडे दिसले नाहीत. ७ किलो आहे.

सीनाकाठ
झालं, सापडलं. भरताना पूर्ण वाळलं होतं का? कणसं काढायच्या वेळी अवकाळीत भिजली होती का? दात लावून बघितला होता का, कटकन फुटला का दबला?

कडबापेंडी
भिजली होती दोनदा. दात कोण लावतंय. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला होता, ते आईला सांगितलं नाही.

सीनाकाठ
मग कारण तेच. ओल अडकली आणि वर पत्र्याचा उन्हाळा, आतला जीव गेला. राखंचं काम तेच होतं, ती ओल ओढून घेती आणि किड्याला बसू देत नाही. आई बरोबर होती. आता पेपर नको, तो वाळतो. ओलं गोणपाट घे, १०० दाणे ओळीनं मांड, गुंडाळी कर, सावलीत ठेव, चार-पाच दिवसांनी मोज. नीट सरळ आलेलेच कोंब मोज, वाकडे-पिवळे सोड. मुळी एकीकडं, कोंब एकीकडं दिसला तरच धर.

पुणेकर_शेतकरी
मला कळत नाही, एवढी धडपड कशासाठी? कृषी विद्यापीठाचे फुले वसुधा, फुले रेवती हे वाण आहेत की, दुकानात जाऊन पिशवी आणा.

माळरान_उत्तर
आणतील की, पण घरचं वाण एकदा गेलं की परत कुठून आणायचं? मालदांडी ३५-१ सुद्धा मोहोळच्या संशोधन केंद्रावर इथल्याच शेतकऱ्यांच्या ज्वारीतून निवडून काढलेली आहे. भाकरी आणि कडबा दोन्हीसाठी अजून तिलाच मागणी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते काय उगाच? आणि ज्वारी हायब्रीड नसली की बी दरवर्षी ठेवता येतं, मका किंवा कपाशीसारखं पिशवीवर अवलंबून राहावं लागत नाही.

पुणेकर_शेतकरी
जीआयनं भाव वाढला का शेतकऱ्याचा? व्यापाऱ्याचा वाढला.

माळरान_उत्तर
तो वेगळा धागा काढा.

वकीलसाहेब_पंढरी
घरचं बियाणं ठेवणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं, विकणं हा कायद्यानं हक्क आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा, कलम ३९. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. कोणी अडवलं तर सांगा.

कडबापेंडी
कोणी अडवत नाहीये हो साहेब, उगवत नाहीये. (चार दिवसांनी) गोणपाटावर ३८ आले. आता काय?

सीनाकाठ
३८ वर सगळ्या रानात पेरू नको. चांगलं बी एकरी ४ किलो लागतं, तुझं त्याच्या निम्मंच उगवतंय म्हणजे एकरी ८ किलो लागंल. मग २० गुंठ्यालाच (अर्ध्या एकराला) ४ किलो टाक आणि ते बीज-प्लॉट समज. ३ किलो हातचं ठेव, उगवण विरळ झाली तर नांगे (मोकळ्या राहिलेल्या जागा) भरायला. अशक्त कोंब ढेकळातून वर येत नाही, म्हणून तिफणीनं खोल जाऊ नको, जमलं तर टोकण, म्हणजे हातानं दाणे लाव. काणी रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळ. आणि कणीस पिवळं व्हायला लागलं की चांगली धाटं दोरी बांधून निवड, मळणीत मिसळू देऊ नको. उरलेल्या रानात दुसऱ्याचं मालदांडी टाक.

जीवामृतवाला
आणि बीजामृत लावलं तर बिघडत नाही.

कडबापेंडी
आई म्हणतीय घटात यातलेच दाणे टाकून बघायचे होते, मग कळलं असतं. मी म्हणलं घट तर अजून बसायचेत.

मंगळवेढेकर_भूमी
आमच्याकडं मडक्यातलं, राखंतलं दोन किलो आहे, दगडी नाही, मालदांडीच, यंदा शंभरात ८६ उगवलंय. देतो. पैसे नकोत, पुढच्या साली दोन किलो परत द्यायचं. कुरियर करत नाही, स्वतः या, मोकळी पिशवी आणा.

कडबापेंडी
मेसेज केलाय बघा. रविवारी येतो, चालंल का? आईपण येतो म्हणतीय, तिला बी स्वतः बघायचंय, दात लावून.