अळी की प्लास्टिक? मासा कोणता, ते आधी बघा

गोठलेल्या तलावाच्या बर्फाला छिद्र पाडून गळाने मासे पकडताना 'बर्फाखाली जिवंत अळीपुढे सगळं फोल' असं एक मत ऐकू येतं, ते मला अर्धंच पटतं. ब्लूगिल (गोड्या पाण्यातला छोटा मासा) सुस्त असतील तर गळाला अळीच लावा. ब्लूगिल आमिष नुसतं शोषून घेतो आणि खटकलं की थुंकतो. अळी असली की जरा जास्त वेळ तोंडात ठेवतो, तेवढ्यात काठी उचलता येते. वॅक्सवर्म (मेणपतंगाची अळी) फार मऊ, पटकन फाटतो. माशीच्या अळ्या चिवट, मला त्याच आवडतात.

क्रॅपी माशांचं गणित वेगळं. त्यांचा थवा मधल्या थरात फिरतो, छिद्राखाली फार थांबत नाही. गारठलेल्या बोटांनी दर माशामागे नवी अळी लावत बसलात तर थवा निघून जातो. तिथे टंगस्टनच्या जिगवर (वजन जोडलेल्या गळावर) बारीक शेपटीचं मऊ प्लास्टिक लावा. टंगस्टनची घनता 19.3 ग्रॅम प्रति घन सेंमी, शिशाची 11.3, त्यामुळे छोटा जिगही झटकन खाली पोचतो. फक्त प्लास्टिकला हालचाल तुम्हालाच द्यावी लागते, आणि तीही काठीच्या टोकाची नुसती थरथर. हिसके देऊ नका.

आमिष म्हणून जिवंत मिनो (बारीक मासे) लावणार असाल तर तलावाचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी बंदी असते.