बीटलचा दुसरा गिअर सुटतो; गिअरबॉक्स उघडावा का?

प्रश्न
नमस्कार. माझ्याकडे १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच दुसरा गिअर सुटून न्यूट्रलमध्ये येतो आणि चौथ्यावरून तिसऱ्यावर येताना करकर होते. या गाडीत गिअरबॉक्स काढायचा म्हणजे आधी इंजिन उतरवणे आले. म्हणून त्यापूर्वी काय तपासावे आणि उघडावाच लागला तर काय बदलावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १
घाई करू नये. मागच्या सीटखालचे झाकण काढल्यावर गिअर रॉडचा जोड दिसतो. त्यातील रबर किंवा प्लास्टिक झिजले असेल, पुढे टनेलमधला (गाडीच्या तळाच्या मधल्या पोकळ कण्यातला) रॉडला आधार देणारा बुश तुटला असेल, अथवा गिअरबॉक्सची माउंटिंग ढिली असतील, तर गिअर पूर्ण बसतच नाही आणि भार उलटताच सुटतो. करकरीसाठी क्लच पाहावा. पेडलला १० ते २० मिमी प्ले (मोकळी चाल) हवा. पेडल दाबून काही क्षण थांबल्यावरही रिव्हर्स टाकताना आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे, कारण रिव्हर्सला सिंक्रो (गिअर गुंतण्यापूर्वी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी रचना) नसतो.

उत्तर २
वरील सर्व ठीक निघाले, तरच गिअरबॉक्स उघडावा. सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून दोहोंमधील फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी, ती ०.६ मिमीपर्यंत आली असेल तर रिंग बाद. मात्र दुसरा गिअर सुटण्याचे मूळ बहुधा स्लीव्हच्या (गिअर गुंतवणाऱ्या सरकत्या कड्याच्या) आणि गिअरच्या गोलावलेल्या दातांत किंवा चुकीच्या जागी कसलेल्या फोर्कमध्ये (स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यात) असते, त्यामुळे नुसत्या रिंगा बदलून ही तक्रार जात नाही. फोर्क जिगवरच (नेमकी जागा ठरवून देणाऱ्या साच्यावरच) बसवावेत, नजरेच्या अंदाजाने नव्हे. क्राऊन आणि पिनियन (चाकांकडे शक्ती नेणारे शेवटचे दोन गिअर) ही जुळवलेली जोडी असते. पिनियनचे बेअरिंग, हाऊसिंग किंवा ही जोडी बदलली, तर शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) नव्याने मोजून घालावे लागतात. अन्यथा जुने शिम ज्या जागचे, त्याच जागी परत घालावेत. डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) उलट्या बाजूने बसवले, तर गाडीला चार रिव्हर्स आणि पुढे जाण्यास एकच गिअर मिळतो, एवढे जोडणी करताना ध्यानात असू द्यावे. काम काढलेच आहे, तर इनपुट शाफ्टचे सीलही बदलावे, कारण तेथून गळणारे तेल थेट क्लच प्लेटवर जाते.

उत्तर ३
दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. तेलाबद्दल थोडी भर घालतो. जीएल-४ दर्जाचे (ही गिअर तेलाची प्रतवारी) एसएई ९० (हा दाटपणाचा क्रमांक) तेल वापरावे, कारण अनेक जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. जुने तेल गरम असताना काढावे, परंतु फिलर प्लग (तेल भरण्याच्या छिद्राचे बूच) सुटतो याची खात्री आधी करावी. चुंबकीय ड्रेन प्लगवर राखाडी लगदा दिसणे स्वाभाविक आहे, दातांचे तुकडे मात्र नव्हेत. सुमारे अडीच लिटर तेल सावकाश भरावे. घाईने ओतल्यास ते आत पसरण्यापूर्वीच बाहेर सांडते आणि गिअरबॉक्स भरल्याचा भास होतो. थोडे थांबून पातळी फिलरच्या खालच्या कडेपर्यंत आणावी. आपल्या गाडीत ॲक्सलच्या नळ्यांवर रबरी बूट आहेत. ते चिरले तर पातळी नकळत उतरते, तेव्हा दर सर्व्हिसिंगला तेही पाहावेत.