स्कॉलरशिप शोधून द्यायचे कोणी पैसे घेतले तर बिघडलं कुठे?

परळचा पक्या (धागाकर्ता)

आमच्या मागच्या गल्लीत एक ताई आहेत, घरातच एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एवढंच ऑफिस. पोरांना कुठली स्कॉलरशिप लागू पडते ते शोधून देतात, फॉर्म भरून देतात आणि माणशी पाचशे रुपये घेतात. मागे यावरून आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर जाम राडा झाला. गरिबांच्या पोरांचे पैसे खाते, माहिती तर सगळी फुकट असते, आम्ही पण लिंका टाकतोच की ग्रुपवर, वगैरे वगैरे.

माझं म्हणणं, लिंका टाकून कोणाचं भलं झालंय ते दाखवा. शंभर योजनांची पीडीएफ फॉरवर्ड करायला अंगठा लागतो, त्यातली माझ्या पोराला कुठली बसते हे सांगायला डोकं आणि वेळ लागतो. एनएमएमएस ही केंद्राची शाळेतल्या पोरांची स्कॉलरशिप घ्या. आठवीत परीक्षा असते, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे आणि शाळा सरकारी, पालिकेची नाहीतर अनुदानित पाहिजे. हे आईबापाला पोरगं नववीत गेल्यावर कळलं तर काय उपयोग? आठवी परत येत नाही. तसंच इंजिनिअरिंगचं, आठ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर फीमध्ये सवलत आहे आणि 2024 पासून त्याच मर्यादेत मुलींची ट्यूशन फी पूर्ण माफ, पण अॅडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेली पाहिजे. घाईघाईत मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की विषय संपला. हे वेळेवर सांगणाऱ्या माणसाला पाचशे रुपये दिले तर बिघडलं कुठे?

विरार विंडो सीट

बिघडलं ना भाऊ. आज पाचशे घेते, उद्या मिळणाऱ्या रकमेचे दहा टक्के मागेल, परवा म्हणेल ओटीपी पण मलाच सांगा. आमच्या स्टेशनजवळ असलेच दोघंतिघं बसतात. पोरांचे लॉगिन-पासवर्ड त्यांच्या वहीत, मोबाईल नंबर पण त्यांचाच टाकलेला, म्हणजे पुढच्या वर्षी रिन्यूअल करायचं तर पोरगं परत त्यांच्याच दारात. आणि फॉर्म भरायला पैसे लागतातच कशाला? नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल फुकट, राज्याचं महाडीबीटी पोर्टल फुकट, अगदी परदेशी जायच्या फुलब्राइट नि चेव्हनिंगला पण अर्जाची फी नाही. जिथे फुकट आहे तिथे मध्ये माणूस उभा करायची आपल्याला सवयच लागलीये.

परळचा पक्या

पासवर्ड वहीत ठेवणारा माणूस चोर आहे, त्याबद्दल वादच नाही. पण फॉर्म फुकट आहे म्हणजे तो भरणं पण फुकटात होतं असं नाही ना. तुला एक बघितलेली केस सांगतो. पोराचा फॉर्म मंजूर, पैसे आल्याचं पोर्टलवर दिसतंय, पासबुकात छदाम नाही. आई बँकेत चकरा मारून थकली, बँकवाला म्हणतो आधार लिंक आहे आमच्याकडे. ताईंनी पाच मिनिटात सांगितलं की आधार लिंक असणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या खात्यात यायचे त्याची नोंद, वेगळं, पैसे ज्या खात्यात आधार शेवटचं सीड झालंय तिथेच जातात. निघालं काय, सिम घेताना मुलाचं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं होतं, ते विसरूनही गेलेला, सगळी रक्कम तिथे बसलेली. आता हे फुकट माहिती देणाऱ्या ग्रुपवर कोणी सांगितलं असतं?

गिरगावचे काका

मी एका ज्ञातीच्या ट्रस्टचं काम बघतो, नाव नको. दोघांचं थोडं थोडं पटतं आणि दोघांवर रागही आहे. मुंबईत असले जुने फंड गल्लोगल्ली आहेत आणि प्रत्येकाला देणगीदाराची काहीतरी अट. कोणी लिहून ठेवलंय अमुक तालुक्यातलीच मुलगी, कोणी लिहिलंय संस्कृत घेतलेला विद्यार्थी. संस्कृतवरून आठवलं, मॅट्रिकला संस्कृतसाठी नाना शंकरशेटांच्या नावाची स्कॉलरशिप असायची, चिंतामणराव देशमुखांनी 1912 ला तीच मिळवली होती. ते वळण अजून चालू आहे. आता त्या तालुक्यातली मुलगी आलीच नाही तर पैसे तसेच पडून राहतात, कारण अट बदलायची म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं आणि तेवढी उठाठेव करायला विश्वस्तांना वेळ नसतो. त्यामुळे कोणी शोधून योग्य मुलगी आमच्या दारात आणली तर मी चहा पाजीन तिला.

पण हे फॉर्मवाले अर्जासोबतचं पत्रही स्वतःच लिहितात ना, तिथे माझं डोकं फिरतं. "माझे वडील अत्यंत कष्टाळू असून मी लहानपणापासूनच हुशार आहे" या एकाच वाक्याचे अर्ज इतके येतात की गठ्ठ्यात सलग लावले तर कोण कुठल्या दुकानातून आलाय ते सांगता येतं. एका पत्रात तर मुलीचा अर्ज आणि मजकुरात "मी एक होतकरू विद्यार्थी असून मला क्रिकेटची आवड आहे". मुलाखतीला विचारलं तर तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळेना. शोधून द्या, कागद जुळवून द्या, पण पोराचं पत्र पोराला लिहू द्या. मोडकंतोडकं असलं तरी आम्हाला चालतं, उलट तेच वाचायला बरं वाटतं.

पीएचडी अजून चालू

चर्चा छान आहे पण सगळी शाळा-कॉलेजपुरती. आमच्याकडे शोधायला काही नसतंच, सगळ्यांना सगळं माहीत असतं. नेट परीक्षा दिली, जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना 37,000, जानेवारी 2023 पासून हा दर आहे, आधी 31,000 होता. नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप, ज्याच्या समाजासाठी जी असेल ती. मग जाहिरातीची वाट बघा, मग यादीची, मग हप्त्याची, आणि काहीच हललं नाही की आझाद मैदान. पाचशे रुपये देऊन जाहिरात लवकर निघते का हो तुमच्या ताईंकडे?

आपल्याकडे शोधण्यावर एवढा जोर आहे आणि मिळालेला पैसा किती काळ पुरतो, कधी हातात येतो यावर कोणी बोलत नाही. बाबासाहेबांचं उदाहरण सगळे भाषणात देतात, बडोद्याची स्कॉलरशिप, 1913 ला कोलंबिया, महिना साडेअकरा पौंड. पण ती तीन वर्षांचीच होती, मुदत संपली म्हणून 1917 ला लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं, मग इथे सिडनहॅमला शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत झाली, मित्राकडून उसने घेतले, तेव्हा कुठे 1920 ला परत गेले. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसालाही अडवलं ते मुदतीनेच.

विरार विंडो सीट

हे बरोबर. फॉर्म मंजूर झाल्याचे पेढे वाटतात लोक आणि पैसे वर्ष संपता संपता येतात, तोवर कॉलेज हॉल तिकीट अडवायच्या धमक्या देतं. ताईंकडे याचं औषध नाही.

कुंचला आणि कटिंग

कलाकारांचं कोणीच काढलं नाही म्हणून लिहितोय. आमच्यासाठी तर पाचशेवाल्या ताई पण नाहीत, त्यांना विचारलं तर म्हणतात तुमचं काय ते आम्हाला समजत नाही बाबा. खरंतर आहे बरंच काही. सांस्कृतिक मंत्रालयाची फेलोशिप आहे, ज्युनिअरला महिना 10,000, सीनिअरला 20,000, दोन वर्षं. 18 ते 25 वयाच्या कलाकारांसाठी महिना 5,000 ची वेगळी आहे. लिहिणाऱ्यांना पहिल्या पुस्तकासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान आहे, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत त्यांचं ऑफिस, आणि नाटकाला येणाऱ्या अर्ध्या लोकांना वर काय आहे हे माहीत नसतं. बंगलोरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे तर कुठल्याही भारतीय भाषेत प्रस्ताव पाठवता येतो, मराठीत लिहा की. आमची पोरं इंग्रजी येत नाही म्हणून अर्जच करत नाहीत आणि इंग्रजी येणारी तीच ती मंडळी दरवर्षी सगळीकडे दिसतात.

आता पैसे देऊन प्रस्ताव लिहून घ्यावा का? अजिबात नाही, काकांचं बरोबर आहे. निवड करणारे तुमचा विचारच बघतात, तो भाड्याने आणून कसं चालेल. पण बजेटला मदत लागते हे मी छातीठोक सांगतो. दशावतारावर काम करणाऱ्या एका मित्राचं बजेट बघितलं, एसटीचं भाडं लिहिलंय, कॅमेऱ्याचं भाडं लिहिलंय, कलावंतांचं मानधन लिहिलंय आणि स्वतःच्या नावापुढे शून्य. म्हटलं वर्षभर खाणार काय? तर म्हणे स्वतःचे पैसे मागितले तर हावरट दिसेन. मुंबईत राहून 5,000 मध्ये तर खोलीचं डिपॉझिटचं तोंडही बघता येत नाही, मागायला लाजून कसं व्हायचं.

बोरिवलीची आई

मी पैसे दिलेले आहेत म्हणून सांगते. आम्ही ज्याच्याकडे गेलो त्याने मुलीला परदेशी शिकायला "स्कॉलरशिप" काढून देतो म्हणून चांगली रक्कम घेतली. यादीत जे होतं ते बहुतेक लोन स्कॉलरशिप. म्हणजे शिकल्यावर परत करायचे पैसे. हे शेवटपर्यंत बोलला नाही, कागद वाचताना मुलीच्याच लक्षात आलं. फसवणूकच ही.

गिरगावचे काका

ताई, त्या माणसाने लपवलं ते वाईटच, पण लोन स्कॉलरशिपला नाकं मुरडू नका. जे. एन. टाटा एंडाउमेंट 1892 ची आहे, जमशेटजींनी पहिल्यापासून कर्जरूपानेच द्यायचं ठरवलं, एकाने फेडलं की दुसऱ्याला मिळतं. नारळीकर त्यातूनच गेले. के. सी. महिंद्रा ट्रस्ट, नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन यांची तर बिनव्याजी असते. बँकेच्या लोनचा व्याजदर बघा आणि मग बोला.

बोरिवलीची आई

काका, नाक मुरडत नाहीये, माहीत असून घेतलं असतं तर हरकतच नव्हती. फेडायचंय हे समजून मुलीने कुठला कोर्स घ्यायचा ते वेगळं ठरवलं असतं ना.

कॉलेजचा डेस्क

मी एका कॉलेजात हेच काम करतो. तुमच्याकडून अर्ज सबमिट झाला की तो आधी माझ्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या. माझ्याकडे येतात तेव्हा निम्म्या अर्जांत उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा, आधारवर नाव एक, मार्कशीटवर दुसरं. परत पाठवलं की पोरं म्हणतात क्लार्क त्रास देतो. अॅडमिशन, परीक्षा फॉर्म, स्कॉलरशिप, सगळं एकाच माणसाकडे, कोणाला समजावत बसू? पाचशेवाल्या ताईंकडून आलेले अर्ज मला एका नजरेत कळतात, कागद ओळीने लावलेले असतात. माझं तर म्हणणं आहे की अशा बाईला कॉलेजनेच महिन्याच्या पगारावर बसवावं, पोरांकडून एक रुपया नको.

परळचा पक्या

बघा, जो रोज अर्ज हाताळतो तोच सांगतोय. माझं एवढंच म्हणणं आहे, रक्कम ठरलेली पाहिजे, पावती पाहिजे, मोबाईल नंबर आणि पासवर्ड पोराचाच, आणि फेडायची असेल तर पहिल्या दिवशी सांगायचं. टक्क्यांवर काम करणाऱ्याला गल्लीत उभा करू नका. कॉलेजने पगार देऊन बसवली तर उत्तमच, पण बसवत नाहीत तोवर पोरांनी काय करायचं?

विरार विंडो सीट

कॉलेजने बसवली की फीच्या पावतीत "विद्यार्थी सहाय्य शुल्क" नावाची ओळ वाढणार, लिहून घे.

कॉलेजचा डेस्क

ती ओळ आमच्याकडे आहेच, सहाय्य तेवढं यायचंय.

बोरिवलीची आई

पक्या, एक विचारायचं होतं. धाकट्याचा फॉर्म भरायचाय. रिन्यूअल दरवर्षी असतं ना, त्याचे पण ताई परत पाचशे घेतात का?

परळचा पक्या

नाही, रिन्यूअलचे दोनशे.

विरार विंडो सीट

झालं सुरू.