भुवयांमधल्या आठ्या आणि ओठांच्या बाजूची घडी: बोटॉक्स की फिलर?

शुभदा_४६: भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या आहेत, चेहरा सैल सोडला तरी पुसट दिसतात. शिवाय नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत खोल घडी. एका क्लिनिकने दोन्हीकडे फिलर सुचवलं, दुसऱ्याने दोन्हीकडे बोटॉक्स. मुलीचं लग्न सहा आठवड्यांवर आहे. काय करावं?

त्वचावैद्य: ताई, दोन्ही सल्ले अर्धेच बरोबर आहेत. भुवयांमधली आठी स्नायू आवळल्याने पडते, तिथे स्नायू ढिले करणारं बोटॉक्सच. नेहमीचा डोस २० युनिट: पाच ठिकाणी चार-चार. १०० युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाइन घातलं की ०.१ मिलीत बरोबर ४ युनिट येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फरक जाणवू लागतो, पूर्ण परिणाम १४ दिवसांनी, टिकतो तीन ते चार महिने. चेहरा सैल असतानाही दिसणारी रेघ फिकी होईल, पण एका खेपेत पूर्ण जाईलच असं नाही. सुई डोळ्याच्या खोबणीच्या हाडापासून निदान एक सेंटीमीटर वर हवी. औषध खाली उतरलं तर पापणी काही आठवडे लोंबते.

भुवयांमध्ये फिलर, म्हणजे भराव देणारं जेल, मात्र कृपया घेऊ नका. तिथल्या धमन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याला जोडलेल्या आहेत. जेल धमनीत शिरून उलटं सरकलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही.

सुईदोरा: ओठांजवळच्या घडीला बोटॉक्स दिलं तर ओठ उचलणारे स्नायू ढिले पडतात आणि हसू वाकडं होतं. तिथे हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर. पण आधी गाल बघायला सांगा. गालाचा भराव उतरला की घडी खोल दिसते, आणि मग घडीतच जेल कोंबलं तर तोंड सुजल्यासारखं वाटतं. हायल्युरोनिडेज हे जेल विरघळवणारं औषध क्लिनिकमध्ये हाताशी आहे का, ते विचारा. नसेल तर तिथे फिलर नको. टोचल्यावर कातडी पांढरीफटक पडली, जाळीदार निळसर डाग उठले किंवा दुखणं वाढतच गेलं तर सकाळची वाट न पाहता तडक परत जायचं.

त्वचावैद्य: डिस्पोर्ट (बोटॉक्ससारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध) वापरणार असतील तर भुवयांमधल्या आठीला ५० युनिट लागतात. दोन्ही कंपन्यांची युनिटं वेगळी, त्यामुळे ‘जास्त युनिट, कमी पैसे’ या जाहिरातीला काही अर्थ नाही. बाटली तुमच्यासमोर उघडायला सांगा.

बोटॉक्स याच आठवड्यात घ्या, म्हणजे १४ दिवसांनी कमी-जास्त करायला वेळ राहील. फिलर लग्नाआधी निदान चार आठवडे. नंतर दोन आठवडे पार्लरमधलं फेशियल, मालिश नको. हळदीला बायका गाल चोळून काढतात, तोवर सगळं स्थिरावलेलं हवं.

शुभदा_४६: हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन ७५ रोज चालू आहे. बंद करू का?

त्वचावैद्य: स्वतःहून मुळीच बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. चालू राहिली तर काळेनिळे डाग थोडे जास्त पडतील, ते दहा-बारा दिवसांत जातात. टोचणाऱ्या डॉक्टरांना मात्र आधीच सांगून ठेवा.