मदत हवी आहे: जर्मन लिलावातलं फुलांचं चित्र, शनिवारी बोली लावायची आहे

निशिगंध७: फुलांचं जर्मन चित्र आहे, मॉडर्न, सही आहे. लिमिट (लिलावघराने ठरवलेली किमान किंमत) ६,००० युरो. ऑनलाइन बोली लावणार. शेवटी हातात एकूण किती बिल येईल? आणि वर किती जावं? लिलाव शनिवारी आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगा.

कोलोनकर: चित्रकार कोण? तैलरंग की जलरंग? सगळी फुलं एका भावाने विकली जात नाहीत हो. कोरिंथची फुलं वेगळी, म्युंटरची वेगळी (दोघेही जर्मन चित्रकार).

हिशेबनीस: चित्रकार कोणीही असो, हिशेब असा मांडा. हातोडा (जिंकलेली बोली) ६,०००. आउफगेल्ड (घेणाऱ्याकडून लिलावघर घेतं ते कमिशन) २५ टक्के धरलं तर १,५००, झाले ७,५००. रेगेलबेस्टॉयरुंग (सगळ्या रकमेवर कर) असेल तर त्यावर ७ टक्के कर, ५२५. म्हणजे ८,०२५. (१ जानेवारी २०२५ पासून कलाकृतींवर ७ टक्के लागतो. जुन्या पानांवर १९ दिसेल, तिकडे बघू नका.) तुम्ही बाहेरच्या प्लॅटफॉर्मवरून बोली लावलीत तर त्याचे साधारण ३ टक्के आणि त्या रकमेवर १९ टक्के कर, २१४.२०. लिलावघराच्या स्वतःच्या पानावरून किंवा लेखी बोलीने हे पैसे वाचतात. कॅटलॉगमध्ये लॉटपुढे (विकायच्या वस्तूपुढे) डिफरेन्झबेस्टॉयरुंगची (फक्त फरकाच्या रकमेवर कर) खूण असेल तर आउफगेल्ड जास्त असतं, पण कर त्याच्या पोटातच असतो. टक्के उदाहरणादाखल घेतलेत, खरे तुमच्या लिलावघराच्या अटींत बघा.

शाईदौत: फोल्गेरेष्ट (चित्र पुन्हा विकलं की चित्रकाराला किंवा वारसांना मिळणारा वाटा) विसरलात. चित्रकार हयात असेल किंवा जाऊन ७० वर्षं झाली नसतील, आणि किंमत ४०० युरोपासून पुढे असेल, तर ५०,००० पर्यंत ४ टक्के. कायद्याने देणं विकणाऱ्याचं आहे, पण बरीच घरं अटींत त्यातला वाटा घेणाऱ्याच्या गळ्यात घालतात. अर्धा म्हटला तरी १२० युरो वाढले.

निशिगंध७: जलरंग. एमिल नोल्डे! आधी सांगायचं राहिलं. खसखशीची तांबडी फुलं, यापान पापियरवर (जपानी कागदावर), खाली उजवीकडे सही. आता सांगा वर किती जाऊ.

कोलोनकर: नोल्डे, आणि ६,०००? कॅटलॉगची ओळ जशीच्या तशी टाका. नावाच्या आधी किंवा नंतर काही शब्द आहे का?

पुस्तकी: मार्टिन उर्बानच्या कॅटलॉगचा (नोल्डेच्या चित्रांची यादी) नंबर विचारा. नंबर नसेल तर सोडून द्या.

कोलोनकर: पुस्तकी, उर्बानचे दोन्ही खंड (१९८७, १९९०) तैलचित्रांचे आहेत. जलरंगांना त्यात नंबर मिळणारच नाही. जलरंगाखाली बहुतेक मान्फ्रेड रॉयटर यांची फोटो-एक्सपर्टीझे (फोटोसह तज्ज्ञाचा दाखला) असते, किंवा झेब्यूलच्या नोल्डे प्रतिष्ठानात नोंद असल्याचा उल्लेख असतो.

पुस्तकी: बरं, मुद्दा तोच. कागद नाही तर चित्र नाही.

निशिगंध७: ओळ अशी: "एमिल नोल्डे (त्सुगेश्रीबेन). मोन. आक्वारेल. प्रिवाटबेझित्स, नोर्डडॉइचलांट." (म्हणजे खसखस, जलरंग, खासगी मालकी, उत्तर जर्मनी.) एक्सपर्टीझेचा उल्लेख नाही. पण सही स्पष्ट आहे!!

शाईदौत: त्सुगेश्रीबेन म्हणजे "त्याचं असावं असं म्हणतात". घराने हमी काढून घेतली. लिमिटही तेच सांगतंय, खात्रीच्या नोल्डे-फुलांचे आकडे याच्या कितीतरी पट असतात. आणखी एक बघा: तो १९५६ मध्ये वारला, म्हणजे फोल्गेरेष्ट २०२६ अखेरपर्यंत लागू. इतर लॉटांपुढे फोल्गेरेष्टची खूण असून तुमच्या लॉटपुढे नसेल, तर घराचं मत आपोआप कळलं.

रंगारी_काका: सहीकडे बघू नका, पाठ बघा. नोल्डे ओल्या जपानी कागदावर भरपूर पाण्याने रंग सोडत असे. रंग तंतूंतून पाझरून मागे उतरतो, पाठीवर जवळजवळ आरशातलं चित्र दिसतं. नकलेत रंग वरच बसलेला असतो, कडांना कोरड्या रेघा पडतात. कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर पाठ दिसू नये म्हणूनच चिकटवला की काय, असं विचारायला हरकत नाही. आज झुस्टांड्सबेरिष्ट (चित्राच्या स्थितीचा अहवाल) मागवा, त्यात तीन फोटो हवेत असं लिहा: फ्रेमबाहेर काढलेली पाठ, तिरप्या उजेडात पुढची बाजू, आणि अतिनील दिव्याखाली. १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर असतो, तो निळसर-पांढरा चमकतो. १९२०-३० सालचा म्हणवणारा कागद तसा चमकला तर विषय संपला. चमकला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, जुना कोरा कागद आजही मिळतो.

काचवाला: घेतलंत तर आधी काच बदला. अतिनील अडवणारं म्युझियम ग्लास, आतलं पासपार्टू (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आम्लमुक्त, कागद काचेला टेकता कामा नये. उजेड ५० लक्सच्या आसपास.

रंगारी_काका: घेण्याआधीही पासपार्टूचा उपयोग आहे. ते उचललं की झाकलेल्या पट्टीतला तांबडा आणि उघड्यावरचा तांबडा शेजारी दिसतात. फरक मोठा असेल तर चित्र उडालंय, मग ते कोणाचंही असो.

भारतवारी: भारतात नेताना लक्षात ठेवा, ५० वर्षांहून जुना आणि ३०,००० युरोंवरचा जलरंग युरोपीय संघाबाहेर न्यायला परवाना लागतो.

निशिगंध७: मी फ्रँकफुर्टला राहतो, चित्र दिवाणखान्यात लावायचंय. भारत कुठून आला?

पुस्तकी: दिवाणखान्यात नोल्डे? तो १९३४ पासून नाझी पक्षाचा सदस्य होता. २०१९ मध्ये तेव्हाच्या चान्सलर मेर्केलबाईंनी त्याची दोन चित्रं कार्यालयातून काढली, त्यातलं एक तर फुलबागेचंच.

शाईदौत: आणि त्याच नाझींनी त्याची हजाराहून अधिक कामं संग्रहालयांतून जप्त केली, १९४१ मध्ये व्यवसायबंदीही घातली. दोन्ही खरं. पण धागा भरकटतोय. निशिगंध, "प्रिवाटबेझित्स" एवढीच मालकी चालणार नाही. १९३३ ते ४५ मध्ये चित्र कोणाकडे होतं ते विचारा आणि लॉस्ट आर्ट डेटाबेसमध्ये (नाझी काळात हिरावलेल्या कलाकृतींची नोंद) शोधा. फुकट आहे.

निशिगंध७: घराचं उत्तर आलं. फ्रेममधून काढणार नाहीत, "मागून सीलबंद आहे" म्हणतात. नंतर आवडलं नाही तर १४ दिवसांत परत करता येतं ना?

हिशेबनीस: नाही. लोकांना प्रत्यक्ष हजर राहता येईल अशा जाहीर लिलावाला ती सवलत नाही. नकली निघालं तर घराच्या अटींतली मुदत असते, पण त्सुगेश्रीबेन लिहिलेल्या लॉटबद्दल "नोल्डे नाही" अशी तक्रार कशी करणार? ते स्वतःच तसं म्हणाले नाहीत.

रंगारी_काका: सील नवीन लावता येतं, दहा मिनिटांचं काम. फ्रँकफुर्टहून जवळ असेल तर फोरबेझिष्टिगुंगला (लिलावाआधी वस्तू बघायला ठेवतात तेव्हा) स्वतः जा, समोर उघडायला सांगा. तिथेही नाही म्हणाले तर अनामिकाच्या फुलांना जेवढे द्याल तेवढेच द्या. माझ्या मते ४००.

हिशेबनीस: लिमिट ६,००० असताना ४०० ची बोली घेणार नाहीत. विकलं गेलं नाही तर सोमवारी नाखफेरकाउफला (न विकलेल्या वस्तूंच्या लिलावानंतरच्या विक्रीला) फोन करा, तेव्हा कधी कधी लिमिटखाली बोलणी होतात.

निशिगंध७: पण फोटोत चित्र खरंच सुंदर दिसतंय हो.

काचवाला: माप किती आहे? काचेचा अंदाज देतो.